रबर बदलायला दिलेला स्टॉर्म शॅडो परत आला, पण तो माझा नव्हता

जुनी खेळणी दुरुस्तीसाठी कुरिअरने कुणाकडे पाठवणार असाल, तर आधी हे वाचा.

१९८५ साली मामाने अमेरिकेहून जी. आय. जो या खेळण्यांच्या मालिकेतला स्टॉर्म शॅडो आणला होता. हॅस्ब्रो कंपनीचा, पावणेचार इंची, पांढऱ्या वेषातला निन्जा. सोबत दोन तलवारी, धनुष्य, नानचाकू आणि पाठीवरची पिशवी. इतक्या वर्षांत तो पिवळा पडला आणि आतलं रबर तुटून कमरेपासून त्याचे दोन तुकडे झाले. या फिगर्सचं हे ठरलेलं दुखणं. पोटात एक ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, असते. खाली पाय जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात अडकवलेली, वर छातीतल्या दांड्यावर ताणलेली. पाठीवरचा एकच स्क्रू काढला की छाती-पाठ वेगळी होते. काम दहा मिनिटांचं, पण अंगठे आणि जांघेजवळचा भाग पटकन तुटतो, म्हणून माझी हिंमत झाली नाही. तिथेच चुकलं.

इन्स्टाग्रामवर एक जण सापडला. आधीचे-नंतरचे फोटो झकास, बोलणं गोड. "दादा, हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतो, पिवळेपणा जातो. सगळी शस्त्रंही पाठवा, सेटचा फोटो काढू." अठराशे रुपये यूपीआयने आगाऊ दिले. शस्त्रंही दिली. रबर बदलायला धनुष्य कशाला लागतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दीड महिन्याने पार्सल आलं. फिगर पांढरीशुभ्र! घरात सगळ्यांना दाखवत फिरलो. दोन दिवसांनी कोपर वाकवलं तर पांढरा पापुद्रा नखाला लागला. खालचं प्लास्टिक पिवळंच होतं. पेरॉक्साइड कसलं, सरळ रंग मारला होता. मग नीट बघितलं. एक अंगठा चिकटवलेला, जांघेत गोंदाची रेघ, धनुष्य मऊ रबरासारखं. माझ्या फिगरचे दोन्ही अंगठे शाबूत होते.

तेव्हा स्क्रू काढला. १९९३ मध्ये हेच रबर एकदा तुटलं होतं. बाबांनी चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने तो उघडून पैशांच्या बंडलाचं रबर दुहेरी करून बसवलं होतं आणि बंद करण्याआधी पाठीच्या आतल्या बाजूला कंपासच्या टोकाने 'सु' कोरलं होतं. या पाठीच्या आत काहीच नव्हतं.

विचारलं तर म्हणाला, "पेरॉक्साइडने शाई जाते, दादा." शाई नव्हती, कोरलेलं होतं, असं लिहिलं आणि त्याने ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. चॅट आणि पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट होते, पण फिगर माझीच होती हे दाखवायला आतला एकही फोटो नाही. तुम्ही पाठवण्याआधी पाठ उघडून आतून फोटो काढा, कमरेच्या मागचं साल-शिक्का टिपा, शस्त्रं घरीच ठेवा. खरं तर ओ-रिंग मापाने हार्डवेअरच्या दुकानात मिळते. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच बसवा.

बाबा आता नाहीत. कुणी तुम्हाला १९८४ च्या शिक्क्याचा, दोन्ही अंगठे शाबूत असलेला स्टॉर्म शॅडो विकायला आणला, तर पैसे देण्याआधी पाठीचा स्क्रू काढून आत बघा. 'सु' दिसलं तर मला कळवा.