आधी कुणाचे फोटो उकलावेत? ब्रेसाँ, ॲडम्स आणि पेन यांची तुलना

किट लेन्सचा (सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्सचा) कॅमेरा किंवा बरा फोन हातात आहे आणि गाजलेले फोटो उकलून, म्हणजे ते कसे काढले हे शोधून, शिकायचं ठरलंय. आता प्रश्न उरतो, सुरुवात कुणापासून करायची? बहुतेक विद्यार्थी रस्त्यावरचे क्षण टिपणाऱ्या फ्रेंच छायाचित्रकार ऑन्री कार्तिए-ब्रेसाँपासून करतात. रस्त्यावर फिरायला पैसे पडत नाहीत, आणि त्यांचे फोटो बघून वाटतं की हे आपल्यालाही जमेल. ज्यांना डोंगर आवडतात ते निसर्गाचे कृष्णधवल फोटो काढणाऱ्या अमेरिकन ॲन्सेल ॲडम्सकडे वळतात. माणसांची पोर्ट्रेट काढणाऱ्या अर्व्हिंग पेनकडे सहसा कुणी जात नाही, कारण तो ‘स्टुडिओवाला’ वाटतो. आमच्या मते क्रम नेमका उलटा हवा: आधी पेन, मग ॲडम्स, शेवटी ब्रेसाँ.

हा क्रम कोण मोठा यावरून लावलेला नाही. सराव करताना फोटो बिघडला, तर तो कशामुळे बिघडला हे विद्यार्थ्याला कळणार का, एवढाच इथे निकष आहे. पेनच्या सरावात प्रकाश जागेवर असतो आणि माणूसही. एक गोष्ट बदलली की तिचा परिणाम लगेच दिसतो. ॲडम्सच्या सरावात जागा ठरलेली असते, पण प्रकाश सरकत राहतो. ब्रेसाँच्या सरावात प्रकाश, अंतर, पार्श्वभूमी आणि माणूस एकदम बदलतात. फोटो फसला तर दोष कुणाचा, हे नवख्याला सांगता येत नाही.

पेन: एक खिडकी पुरते

१९४८ मध्ये पेनने दोन फ्लॅट (स्टुडिओतल्या हलवता येणाऱ्या भिंती) अरुंद कोनात उभे केले आणि त्यांच्या चिमटीत नामवंतांना उभं केलं. मार्सेल द्युशाँ, जॉर्जिया ओकीफ, ट्रुमन कपोटी असे अनेक जण त्या कोपऱ्यात उभे राहिले. १९५०-५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये त्याने खाटीक, मासे विकणारे, धुराडी साफ करणारे अशा कष्टकऱ्यांना कामाच्या कपड्यांत, हातातल्या हत्यारांसह बोलावलं. मागे साधा पडदा आणि बाजूने दिवसाचा उजेड, एवढाच सरंजाम. विद्यार्थ्याने उकलायची ती ही दुसरी मालिका.

फोटो मोठा करून आधी डोळ्यांत बघा. बुबुळातली चमक घड्याळाच्या दहावर असेल तर प्रकाश तुमच्या डाव्या हाताला आणि वरून आहे. मग नाकाची सावली कुठे पडते आणि किती लांब आहे ते पाहा. त्यावरून प्रकाशाची उंची कळते. सावलीची कड विरघळत गेली असेल तर प्रकाशाचा स्रोत माणसाच्या मानाने मोठा आणि जवळ आहे. कड सुरीसारखी असेल तर तो लहान किंवा लांब आहे. शेवटी पडद्याची कुठली बाजू उजळ आहे ते बघा. या चार खुणांवरून कागदावर वरून दिसणारा नकाशा काढा: खिडकी, माणूस, पडदा, कॅमेरा. युसुफ कार्श या दुसऱ्या छायाचित्रकाराच्या पोर्ट्रेटवर हेच करून बघितलंत तर डोळ्यांत दोन-तीन चमका आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडांना उजेडाच्या रेघा सापडतील. तो अनेक दिव्यांचा खेळ आहे, पहिल्या महिन्यात त्यात पडू नये.

आता मांडणी. माणूस खिडकीपासून तीन फुटांवर, खिडकीला समांतर न ठेवता थोडा तिच्याकडे वळलेला. मागे राखाडी चादर किंवा ताडपत्रीची उलटी बाजू, माणसापासून चार-पाच फूट मागे. त्याहून जवळ आणली तर चादरीच्या सुरकुत्या दिसतात आणि सावली पडद्यावर येते. ट्यूबलाइट बंद, नाहीतर गालाची एक बाजू निळसर आणि दुसरी हिरवट येते. कॅमेरा ५५ मिमीवर, एफ ५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आयएसओ ८०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर १/१०० सेकंदाच्या आसपास. ढग दाटले तर आयएसओ १६००. पूर्ण उंचीचा फोटो हवा असेल तर ३५ मिमीवर अकरा-बारा फूट मागे जावं लागेल, तेवढी खोली आहे का ते आधी मोजा. कॅमेरा डोळ्याला लावू नका, कमरेच्या उंचीवर आणा. पेन रोलायफ्लेक्स वापरत असे, त्यात वरून खाली बघायचं असतं, त्यामुळे कॅमेरा आपोआप पोटाशी येतो. डोळ्याच्या उंचीवरून घेतलं की पाय आखूड दिसतात.

सगळ्यात जास्त फसतं ते एका ठिकाणी. आपल्या फ्लॅटच्या भिंती पांढऱ्या असतात. खिडकीचा उजेड समोरच्या भिंतीवरून उलटून सावलीच्या गालावर येतो आणि चेहरा सपाट होतो. विद्यार्थ्याला वाटतं लेन्स वाईट आहे. सावलीच्या बाजूला दीड-दोन फुटांवर काळी चादर टांगा किंवा काळी छत्री उघडून ठेवा, गाल खोल होईल. तिथेच थर्माकोलची शीट धरलीत तर तो पुन्हा उजळेल. एकच चेहरा काळी चादर, थर्माकोल आणि काहीच नाही, अशा तीन प्रकारे काढून शेजारी शेजारी ठेवा. पंधरा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं दहा व्हिडिओंत कळत नाही.

फोनवाल्यांनी पोर्ट्रेट मोड आणि एचडीआर दोन्ही बंद करावेत. एचडीआर सावल्या उचलतो, म्हणजे पेनने जे मुद्दाम ठेवलं तेच फोन पुसून टाकतो. दुप्पट झूमची लेन्स असेल तर ती घ्या, गालावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली आणा.

उत्तरेची खिडकी उत्तम, हे पुस्तकात वाचलेलं आपल्याकडे वर्षभर खरं नसतं. मार्चअखेर ते सप्टेंबर सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि तसाच मावळतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन येतं आणि ग्रीलच्या पट्ट्या चेहऱ्यावर पडतात. तेव्हा पांढरं मलमल किंवा ट्रेसिंग पेपर लावा.

ॲडम्स: गणित आवडत असेल तर

इथे उकलायला दोन फोटो पुरेत. पहिला ‘मोनोलिथ’, अमेरिकेत योसेमिटीतला हाफ डोम नावाचा कडा, १० एप्रिल १९२७. ॲडम्सजवळ दोनच काचा (फिल्मऐवजी वापरायच्या काचेच्या प्लेटा) उरल्या होत्या. पहिली पिवळ्या फिल्टरने घेतली आणि त्याला जाणवलं की आकाश हवं तितकं गडद येणार नाही. दुसरी गडद लाल फिल्टरने घेतली. आकाश जवळजवळ काळं झालं आणि कडा उसळून पुढे आला. फोटो काढण्याआधी प्रिंट डोळ्यांसमोर आणणं म्हणजे काय, ते या दोन काचांतल्या फरकात दिसतं.

दुसरा ‘मूनराइज, हर्नांडेझ’. न्यू मेक्सिकोतलं खेडं, कबरस्तानातले पांढरे क्रूस, वर चंद्र. ऊन क्रुसांवरून निघायच्या बेतात होतं आणि लाइट मीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता २५० कँडल प्रति चौरस फूट, हे त्याला पाठ होतं. ती सातव्या झोनवर (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांतल्या सातव्या पायरीवर) ठेवली की मधल्या पाचव्या झोनला साधारण ६० येतात. फिल्मचा वेग (आजचा आयएसओ) ६४, त्याचं वर्गमूळ ८. म्हणून एफ ८ ला त्या ६० वरून १/६० सेकंद. गडद पिवळ्या फिल्टरसाठी तिप्पट, म्हणजे १/२०. एफ ३२ पर्यंत बंद केलं की चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), सोळापट: जवळपास एक सेकंद. दुसरी फिल्म घेईपर्यंत ऊन गेलं होतं. गंमत म्हणजे तारीख ॲडम्सलाच नीट आठवत नव्हती. चंद्राच्या जागेवरून खगोलगणित करून पुढे १ नोव्हेंबर १९४१ ही ठरली.

हे गणित वहीत एकदा स्वतः करून बघा. झोनची पद्धत म्हणजे एवढंच: पाचवा झोन मधला राखाडी, आणि प्रत्येक झोनमध्ये एका स्टॉपचा फरक. फिल्मवर सावली मोजून तिला तिसऱ्या झोनवर ठेवत. डिजिटलमध्ये उलटं करा, कारण इथे उजळ भाग जळला की परत येत नाही. स्पॉट मीटरिंगने (चौकटीतला छोटा भागच मोजून) ज्यात तपशील हवाच असा सर्वांत उजळ ढग मोजा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त द्या. तीनच्या पुढे गेलात की बहुतेक सेन्सरवर पांढरा ठिपकाच उरतो. फाइल रॉमध्येच (सेन्सरची मूळ माहिती जशीच्या तशी ठेवणारी) हवी, जेपेगमध्ये हा सराव व्यर्थ आहे.

सह्याद्रीत काढणाऱ्यांची अडचण वेगळी असते. ओला बेसॉल्ट इतका काळा असतो की ढग सांभाळला तर कडा बुडतो. अशा वेळी ट्रायपॉडवर दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घ्या. लाल फिल्टरचा परिणाम रंगीत रॉ फाइल कृष्णधवल करताना निळा रंग खाली ओढून मिळतो, पण आकाशातलं फक्त निळंच त्याने गडद होतं. पावसाळ्यातल्या पांढऱ्या आभाळावर तो काहीच करणार नाही. निळा फार खाली ओढला तर आकाशात दाणे उठतात आणि कड्याच्या कडेला पांढरी रेघ येते. ती दिसली की थोडं मागे या.

चंद्राचा सराव त्रयोदशी-चतुर्दशीला करा. तेव्हा चंद्र सूर्यास्तापूर्वी उगवतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो. पौर्णिमा उलटून गेली की चंद्र येईपर्यंत अंधार पडलेला असतो, आणि काळ्या पाटीवर पांढरी टिकली एवढंच हाती लागतं. ५५ मिमीच्या लेन्सने साडेतेवीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर चंद्र जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा येतो. त्याने खट्टू होऊ नका, हर्नांडेझचा चंद्रही लहानच आहे.

एक सावधगिरी. ‘मूनराइज’च्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश राखाडी आहे, त्यात ढगांचे पट्टे दिसतात, पुढच्या दशकांतल्या प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळं आहे. निगेटिव्ह एकच, फरक डार्करूममधला. सोशल मीडियावरची फाइल बघून आकाशाचा झोन ठरवू नका. संग्रहालयांच्या वेबसाइटवर मोठ्या फाइल असतात, प्रिंटचं सालही दिलेलं असतं.

ब्रेसाँ: दिसतो सोपा

१९३२ चा ‘सँ-लाझार स्टेशनमागे’ सगळ्यांना माहीत आहे: पाण्यावरून उडी मारणारा माणूस, टाच टेकायच्या आत टिपलेला. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरमध्येही तशीच उडी घेतलेली आकृती आहे, आणि पाण्यात त्या माणसाचं उलटं प्रतिबिंब. हा फोटो कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून घेतला आणि डावीकडे फळी आडवी आली म्हणून कापला. फोटो न कापण्याबद्दल जो प्रसिद्ध, त्याने फार थोडे कापले. हा त्यातला एक. त्याच वर्षीचा फ्रान्समधल्या इयेर गावचा सायकलस्वार जास्त शिकवतो. गोल जिना, रस्त्याची वळणरेघ, मध्ये रिकामी जागा. तिथे कुणीतरी यावं एवढंच बाकी होतं. म्हणजे सरावात आधी चौकट पकडायची आणि तिथे थांबायचं, माणसामागे धावायचं नाही.

तंत्र थोडं आहे. लेन्स ३५ मिमीवर, एफ ८, फोकस ३ मीटरवर ठेवून मॅन्युअल करा. साधारण सव्वादोन ते पाच मीटरमधलं सगळं स्पष्ट येतं. नंतर झूमला हात लावलात तर फोकस बिघडतो, म्हणून रिंगवर चिकटपट्टी लावा. चालत्या माणसाला १/२५० च्या खाली जाऊ नका. सावलीच्या गल्लीत त्यासाठी आयएसओ ८०० लागतो. रंगात काम करायचं असेल तर ब्रेसाँऐवजी भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंगचे मुंबईचे फोटो समोर ठेवा. दुकानाच्या काचा आणि आरसे यांनी एकाच चौकटीत तीन-चार प्रसंग कसे बसवले आहेत ते बघा.

इथे बिघडतं ते बहुधा पार्श्वभूमीत. डोक्यातून खांब उगवतो, दोन माणसं एकमेकांवर चढतात. शिवाय ओळख नसलेल्या माणसांसमोर कॅमेरा उचलायचा संकोच असतोच, आणि संकोचाने लांबून काढलेले फोटो नेहमी रिकामे दिसतात. लहान मुलांचे फोटो काढायचे असतील तर पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत.

मग निवड कशी करायची

खर्चाच्या बाजूने पेन आणि ब्रेसाँ सारखेच. ॲडम्सला ट्रायपॉड आणि रॉ फाइल लागते. हलका ट्रायपॉड वाऱ्यात थरथरतो, मधल्या दांड्याला पिशवी लटकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. वेळेच्या बाजूने पेन सर्वांत सोयीचा: अभ्यासातून अर्धा तास मिळाला तरी एक सराव पुरा होतो. ॲडम्सला अख्खी संध्याकाळ द्यावी लागते. ब्रेसाँचं काहीच सांगता येत नाही, दोन तास उभं राहून एकही सायकल न येणं हे नेहमीचंच.

माणसांसमोर कॅमेरा धरायचा ज्यांना धीर होत नाही, ते ॲडम्सकडे पळतात. त्यांनी तर खास करून पेनपासून सुरू करावं. घरातल्याच कुणाला खुर्चीवर बसवून बोलतं ठेवायची सवय झाली की रस्त्यावरची भीड निम्मी होते. अपवाद फक्त एक: जवळ बसायला कुणीच तयार नसेल, हॉस्टेलच्या खोलीला खिडकी नसेल, तर ॲडम्सपासून सुरू करा, गच्ची आणि आकाश कुठेही असतं.

महाराष्ट्रात हा क्रम ऋतूंशीही जुळतो. जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेलं, म्हणजे दिवसभर खिडकीत मऊ उजेड: तेव्हा पेन. ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडला की आकाश निळं आणि हवा धुतलेली, लाल फिल्टरला तेव्हाच अर्थ येतो. फेब्रुवारीनंतर धुळीचं धुरकट पडतं, आणि ते लाल फिल्टरने कापलं जात नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारीही सूर्य कलता राहतो आणि रस्त्यावर लांब सावल्या मिळतात, तेव्हा कॅमेऱ्यावर ३५ मिमी लावून बाहेर पडा.