ओसरीतल्या दोन तिपाया आणि वर्ध्याचं जुन्या फर्निचरचं दुकान

आमची ओसरी पश्चिमेला तोंड करून आहे. २८ फूट लांब, साडेसात फूट रुंद, वर कवेलू, खाली फरशी, समोर सागाचे चार खांब. एका टोकाला बंगई (झोपाळा) आणि दुसऱ्या टोकाला मामाजींची हातांची वेताची खुर्ची. मामाजी म्हणजे माझे सासरे, ८४ वर्षांचे आहेत. सकाळी चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच. चष्म्याची डबी, पानपुडा, रेडिओ, पाण्याचा गडवा, दुपारच्या गोळ्या, सगळं खुर्चीजवळ फरशीवर ठेवलेलं असायचं. गडव्यासाठी वाकताना एकदा त्यांचा तोल गेला, खांब हाताशी होता म्हणून वाचले. त्या दिवशी मी ठरवलं की यांच्या हाताशी नीट तिपाई हवी. (आमच्याकडे चार पायांच्या छोट्या टेबलालाही तिपाईच म्हणतात, म्हणून पुढेही तोच शब्द वापरते.)

जुनीच हवी होती, कारण आधी एकदा फसले होते. तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून नक्षीकामाची काळीभोर तिपाई आणली. ‘शंभर वर्षांची अँटिक आहे मॅडम’ म्हणून ७,५०० रुपये घेतले. ओसरीत ठेवली, जुलैत तीन दिवसांची झड लागली आणि वरच्या फळीला फुगे आले. वर सागाचा पापुद्रा होता आणि आत भुशाची दाबलेली फळी. पाय आंब्याच्या लाकडाचे, वरून काळा रंग चोपडलेला. दिवाळीपर्यंत पायांखाली पिठासारखी पांढरी भुकटी पडू लागली, म्हणजे घुण लागला होता. उलटी करून पाहिली तेव्हा कळलं की सगळे स्क्रू फुलीच्या खाचेचे आहेत. तसले स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाले. शंभर वर्षांच्या वस्तूत ते मूळचे असूच शकत नाहीत. मागाहून दुरुस्तीत एखादा घातलेला असू शकतो, पण सगळेच्या सगळे तसे असतील तर विचारायलाच हवं. दुकानदारानं फोनवर ‘लाकूड आहे, चालायचंच’ एवढंच सांगितलं. तो राग माझा अजून गेलेला नाही, कारण ते पैसे मी कापूस विकून आलेल्या पैशातून बाजूला काढले होते.

वर्ध्याचं दुकान मला आमच्या गावच्या सुतारानं सांगितलं. दुकान कसलं, गल्लीच्या टोकाला पत्र्याची लांब शेड आहे. पाटी नाही. आत शिरलं की जुन्या सागाचा आणि रॉकेलचा वास येतो. दारं, चौकटी, घडवंच्या, पाटांचे ढीग, शिवणयंत्राचे बिडाचे स्टँड, वकिलाच्या ऑफिसातली कपाटं. माल कुठून येतो विचारलं तर दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकाजींनी, सरळ सांगितलं, गावागावांतले वाडे उतरवतात तिथून. आमच्या वर्धा जिल्ह्यात मालगुजारी, म्हणजे जमीनदारीची पद्धत, होती, १९५० च्या कायद्यानं ती गेली आणि मोठ्या वाड्यांची रया हळूहळू गेली. भावाभावांत वाटण्या झाल्या, स्लॅबची घरं आली आणि ओसरीवरचं सामान मिळेल त्या भावानं विकायला निघालं. ते सामान पाहताना मला वाईट वाटलं, हे खरं. पण चुलीत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी ओसरीत गेलेलं बरं.

जाताना मी एक सुतळी नेली होती. एक गाठ खुर्चीच्या हाताच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून २६ इंचांवर. दुसरी गाठ १८ इंचांवर, म्हणजे खुर्ची आणि खांब यांच्यातल्या जागेएवढी. तिपाई खुर्चीच्या हाताच्या बरोबरीत किंवा इंच-दोन इंच खाली हवी. त्याहून उंच असली तर कोपर उचलून पेला घ्यावा लागतो, आणि फार खाली असली तर पुन्हा वाकणं आलंच. दुकानात उभं असताना सगळ्याच तिपाया बरोबर उंचीच्या वाटतात. सुतळी धरली की निम्म्या तिथेच बाद होतात.

पहिल्यांदा मन गेलं ते शिवणयंत्राच्या स्टँडवर. बिडाचे नक्षीदार पाय, वर काळा दगड बसवलेला. दिसायला देखणं. पण खाली पायटा तसाच होता, मामाजींची काठी त्यात अडकली असती. शिवाय झडीत बिडाला गंज चढतो आणि त्याचे लाल डाग फरशीवरून निघत नाहीत. मग संगमरवरी पाट्याची एक गोल तिपाई पाहिली. ती काकाजींनीच हातातून काढून घेतली. विचारलं, ‘मामाजी पान खातात काय?’ म्हटलं, खातात. ‘मंग नका घेऊ ताई. कात सांडला का डाग आत जाते. अन् निंबाचं सरबत सांडलं तर पालिश उडते.’ खरं आहे, संगमरवर लिंबाच्या आंबटानं खाल्लं जातं. ती तिपाई मी घेतलेल्या दोन्हींपेक्षा महाग होती. विकायची सोडून त्यांनी ती परत जागेवर ठेवली, तेव्हाच माझा या माणसावर विश्वास बसला.

मामाजींसाठी घेतली ती चौकोनी, चार पायांची, खाली एक फळी असलेली. उंची २४ इंच. काकाजींनी ती गोणपाटावर उलटी केली आणि बॅटरी माझ्या हातात दिली. वरची फळी खालून गुळगुळीत नव्हती. बोटं फिरवली तर रंध्याच्या हलक्या लाटा लागत होत्या. मशीनवर काढलेली फळी अशी लागत नाही. पाय आणि आडव्या पट्ट्या एकात एक घालून बसवलेल्या, आरपार लाकडाची खुंटी ठोकलेली, खिळा एकही नाही. आणि प्रत्येक सांध्यापाशी पटाशीचे बारीक घाव होते: एका पायावर एक, दुसऱ्यावर दोन, मग तीन, मग चार, आणि समोरच्या पट्टीवरही तेवढेच. कुठला पाय कुठल्या पट्टीत बसवायचा ते सुतारानं स्वतःसाठी लिहून ठेवलेलं. मी बराच वेळ त्या खुणांवर बोट ठेवून बसले होते. त्या माणसाचं नाव कुठेच नाही, पण त्याचा हिशेब अजून जागेवर आहे.

तिच्या एका पायाच्या कडेला फिकट पट्टा होता. तो काकाजींनी न विचारता दाखवला. ‘हे पांढरं दिसते न, हे सालीजवळचं लाकूड होय. उधई पहिले हेच खाते.’ सागाला उधई, म्हणजे वाळवी, लागत नाही असं आपण म्हणतो ते आतल्या पक्क्या लाकडाबद्दल. सालीलगतचा भाग सागाचा असला तरी कच्चाच. तो पट्टा जेमतेम अर्धा इंच रुंद होता आणि सुईनं टोचून पाहिला तर घट्ट होता, म्हणून घेतली. आपल्याकडे साग म्हटलं की दुकानदार गडचिरोलीतल्या आलापल्लीचं नाव घेतात, आणि अयोध्येच्या मंदिराचे दरवाजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचे झाल्यापासून तर जास्तच. काकाजींनी असलं काही सांगितलं नाही. साग आहे, साठ-सत्तर वर्षांचा असेल, एवढंच म्हणाले. अँटिक हा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यातही वस्तू १०० वर्षांची झाल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. या हिशेबानं माझी तिपाई नुसती जुनी आहे आणि मला तेवढं पुरे आहे.

दुसरी घेतली ती खरोखर तीन पायांची, गोल. ती बंगईसाठी. जुनी गोल फळी ओळखायची एक रीत मला काकाजींनी माझ्याच सुतळीनं शिकवली. लाकूड वर्षानुवर्षं रेषांच्या आडव्या दिशेनं आकसत जातं, उभ्या दिशेनं जवळजवळ नाहीच. म्हणून जुना गोल पूर्ण गोल राहत नाही. सुतळी आधी रेषांच्या दिशेनं धरली, मग आडवी. पाव इंचाहून थोडा जास्तच फरक निघाला. नजरेला मात्र ती अगदी गोल दिसते.

तीन पायांची तिपाई उंचसखल फरशीवर कधी डुगडुगत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिच्या काठावर भार दिला की ती उलटते. म्हातारं माणूस उठताना हाताला जे लागेल त्यावर दाब देतं. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या खुर्चीशेजारी तीन पायांची कधीही ठेवू नका. मामाजी रोज त्या चौकोनी तिपाईवर तळहात टेकून उठतात आणि ती हलत नाही. गोल तिपाई बंगईच्या बाजूला, पण झोका जिथपर्यंत जातो त्याच्या हातभर बाहेर ठेवली आहे. आधी बंगई पूर्ण झुलवून फरशीवर खडूनं रेघ मारली, मग जागा ठरवली.

हिरव्या ऑइलपेंटची एक सुंदर छोटी तिपाई होती, ती सोडली. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला आहे, त्याआधीच्या रंगाचा काही भरवसा नाही. घरात दीड वर्षाचा नातू आहे आणि तो हाताला लागेल त्या काठाला तोंड लावतो. घासून काढायचं म्हटलं तर ती धूळ त्याच्याच पोटात जाणार.

चौकोनी तिपाईचे ४,२००, गोल तिपाईचे २,८०० दिले. घासाघीस करून ३०० कमी झाले. दोन्हींवर लाखेचं जुनं पॉलिश होतं. काकाजींनी खालच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून दाखवला, कापूस तपकिरी आणि चिकट झाला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आजकालचं चकचकीत पॉलिश असं सुटत नाही. लाखेच्या पॉलिशवर पाणी साचलं की पांढरे गोल उमटतात, म्हणून मी सगळं खरवडून नवं पॉलिश मारू का, असं विचारलं. काकाजी खरंच दुखावले. ‘कायले? कोरंच पाहिजे असन तर मंग जुनं कायले घेता?’

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. ओल्या फडक्यानं पुसलं, दोन दिवस सावलीत ठेवलं, घाण्यावरच्या जवस तेलाचा अगदी पातळ हात दिला, ते सुकायला सहा दिवस लागले, वरून मेण चोळलं. एक गोष्ट जीव तोडून सांगते: जवस तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि शेजारीच कुटाराचा, म्हणजे वाळक्या भुशाचा, ढीग असतो. मी फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवली. पायांच्या बुडाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, म्हणजे ओसरी धुतली तरी लाकूड पाणी ओढत नाही.

दुकानाबद्दल तक्रारही आहे. रविवारी माल पोचवतो म्हणाले आणि गुरुवारी पोचवला. छोट्या हत्तीत मागे काही न गुंडाळता ठेवला होता, त्यामुळे गोल तिपाईच्या एका पायाला बोटभर ओरखडा पडला. फोन केला तर काकाजींच्या मुलानं माफी मागितली, पण दुरुस्तीला कुणी आलं नाही. मी स्वतः मेण भरलं. तुम्ही घ्याल तर गोधडी आणि दोरी बरोबर न्या आणि शक्यतो स्वतःच घेऊन या.

आता वर्ष झालं. मे महिन्यात चौकोनी तिपाईच्या दोन फळ्यांमध्ये रुपयाचं नाणं जाईल एवढी फट पडली. मी घाबरून काकाजींना फोन केला. त्यांनी पुट्टी भरायची नाही असं बजावलं. ऑगस्टमध्ये लाकूड ओलाव्यानं फुगलं आणि फट बंद झाली. पुट्टी भरली असती तर फळ्यांना फुगायला जागा उरली नसती आणि सांधे तुटले असते. तीन झडी झाल्या, एकही फुगा नाही. गडव्याचा एक पांढरा गोल उमटला आहे, तो मामाजींच्या उजव्या हाताच्या जागी.

पहिल्या दिवशी तिपाई शेजारी ठेवली तेव्हा मामाजींनी बराच वेळ तिच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘हे कोणाच्या घरचं होय बा?’ मला सांगता आलं नाही. काकाजींना फोनवर विचारलं, तर तेही म्हणाले की वाडा हिंगणघाटकडचा होता, एवढंच आठवतं. मामाजींना तेवढंही पुरलं. हिंगणघाटच्या बाजारात ते तरुणपणी बंडीनं कापूस घेऊन जात, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेच बोलत होते.

दिवाळीनंतर वाडे उतरवण्याचा हंगाम असतो, तेव्हा शेडमध्ये नवा माल येतो. काकाजींनी माझ्यासाठी एक घडवंची बाजूला ठेवली आहे. या वेळी सुतळीला माठाच्या बुडाची गाठ मारून नेणार आहे.