ताई दौऱ्यावर गेल्या की शिकवतं कोण? नेरुळच्या एका कथक क्लासबद्दल

क्लासची चौकशी करताना पालक फी आणि बॅचची वेळ विचारतात. क्लास चालवणाऱ्या ताई दौऱ्यावर गेल्या की शिकवतं कोण, हे कुणी विचारत नाही. इथे विशारद झालेल्या दोन शिष्या शिकवतात, आणि नुसती हजेरी घेऊन वेळ काढत नाहीत.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते शिकवू शकणारे शिष्य तयार करण्यासाठीही. मुंबईची इमारत पुढे कर्जापायी गेली, १९३१ मध्ये ते स्वतः गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. या क्लासातल्या मुली परीक्षा देतात त्या त्याच मंडळाच्या. प्रारंभिक ते विशारद पूर्ण, एकूण सात.

शिकवणं पक्कं आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा आधी हातावर, नवव्या मात्रेला खाली (टाळीऐवजी रिकामा हात) दाखवत, मग पढंत, म्हणजे तालाचे बोल तोंडाने म्हणणं, मग पाय. दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, पोरी पाय गरजेपेक्षा वर उचलतात, त्यामुळे थाप उशिरा पडते आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, हुकते. अशा वेळी ताई तबला थांबवतात. "पाय राहू दे, आधी तोंडाने म्हण." बोल स्वच्छ आले की पाय बहुतेक वेळा आपोआप सुधारतो.

घुंगरू पहिल्या दिवशी बांधत नाहीत, हे उत्तम. नंतरही पितळेचे, दोरीत गुंफलेले, पायाला पन्नास. पट्ट्यावर शिवलेले स्वस्त पडतात, पण घोट्यावरून घसरतात. फरशीवर लाकडी पट्ट्या ठोकून प्लायवूड टाकलंय. नुसत्या फरशीवर तत्कार, म्हणजे पायाच्या थापांचा सराव, केला की नडग्या दुखायला लागतात. पावसाळ्यात प्लायवूडचे सांधे फुगतात, अनवाणी पायाला ठेच लागते. तेवढं दुरुस्त करायला हवं.

तबलजी आठवड्यातून एकदाच येतात, बाकी दिवस ॲपवरचा लेहरा, म्हणजे तालाचं आवर्तन धरून ठेवणारी धून. ॲपची लय हलत नाही, म्हणून प्रत्यक्ष तबल्याबरोबर मुली आधी बावरतात. तबल्याचा वार चुकवू नका.

खटकतं ते वार्षिक कार्यक्रमाचं प्रकरण. आधीचे दोन महिने समूहनृत्याच्या ओळी लावण्यात जातात आणि तत्कार मागे पडतो. पोशाखाचे पैसे वेगळे, तेही ऐनवेळी सांगतात. नाट्यगृहाचं भाडं कुठून तरी काढावं लागतं हे कळतं, पण आकडा प्रवेशाच्या वेळीच सांगायला काय हरकत आहे?

प्रवेशाआधी एक तास मागे बसून बघू देतात. ताई नसतील असा दिवस निवडा.