प्लास्टिक कयाकवर फिटिंग चिकटवायचंय: ॲक्रिलिक घ्यावं की ज्योत फिरवून इपॉक्सी?

रोटोमोल्डेड कयाक (साचा फिरवून ओतलेली वल्ह्याची छोटी प्लास्टिक होडी) म्हणजे पॉलिइथिलीन, आणि पॉलिइथिलीनला सहजासहजी काही चिकटत नाही हे एव्हाना तुम्हाला कळलेलंच असेल. साधं इपॉक्सी, सिलिकॉन, पीव्हीसी पाइपचं सोल्युशन, सगळं दोन दिवस छान बसल्यासारखं वाटतं आणि मग एका कडेला नख घातलं की अख्खी पापडी हातात येते. त्यामुळे ते सोडूनच देऊ. खरी निवड दोनच गोष्टींत उरते. एक, खास पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनसाठी बनवलेलं टू-पार्ट, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं, ॲक्रिलिक. दुसरी, प्लास्टिकवर गॅसची ज्योत फिरवायची आणि वर लवचिक इपॉक्सी लावायचं, म्हणजे वेस्ट सिस्टिमचं जी-फ्लेक्स किंवा तसलंच काही.

मी दोन्ही केलंय, माझ्या एकाच सिट-ऑन-टॉपवर, म्हणजे आत नाही तर वर बसायच्या कयाकवर. ती देवबागला कर्लीच्या खाडीत फिरते, तांबोशी माशाच्या मागे. मला बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) अडकवायला सहा पॅड-आय, म्हणजे कडीवाल्या छोट्या पट्ट्या, आणि फिश फायंडरच्या ट्रान्सड्यूसरसाठी, म्हणजे त्याच्या सेन्सरसाठी, एक छोटा बेस हवा होता, आणि पाण्याला लागणाऱ्या भागात भोक पाडायचं नव्हतं. एक आधीच सांगतो, उचलायचं हँडल, अँकरची दोरी, टो लाइन (दुसरी होडी ओढायची दोरी) असलं काहीही चिकटवू नका, तिथे आरपार बोल्टच मारा किंवा नीट रिव्हेट. चिकटवलेली गोष्ट आडव्या ओढीला तगडी असते पण कडेवरून सोलली जाते, आणि अँकर अडकला की ओढ कुठून येईल ते आपल्या हातात नसतं.

तर ॲक्रिलिक आधी. त्याची मोठी सोय ही की ज्योत लागत नाही, विशेष तयारीही नाही. पुसायचं, लावायचं, दाबायचं. आणि धरतं मात्र जबरदस्त, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पहिले तीन पॅड-आय मी त्यानेच लावलेत आणि दोन पावसाळे जाऊनही ते जागेवर आहेत.

तक्रार आहे ती नॉझलची, आणि माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला. यातले बरेचसे १०:१ च्या प्रमाणात मिसळायचे असतात, हाताने ते प्रमाण जमत नाही, म्हणून वेगळी गन आणि आत पिळाचं मिक्सर असलेलं लांब नॉझल. मी घेतलं होतं ते लवकर आवळणारं, हातात जेमतेम तीन मिनिटं. ही तीन मिनिटं एसीच्या खोलीतली धरा. एप्रिलमध्ये मालवणात, पत्र्याच्या शेडखाली, सकाळी दहा वाजता ती तीन राहत नाहीत. पहिला पॅड-आय दाबला, टेप लावली, दुसरा लावला, तिसऱ्याला जरा सरळ करत बसलो, चौथ्यासाठी गन उचलली तर ट्रिगर दाबला जाईना. नॉझलला हात लावला तर ते गरम, आतलं सगळं दगड झालेलं. दुसरं नॉझल लावलं, त्यात आधी थोडं वाया घालवायचं म्हणजे मिश्रण नीट येतं, तेवढ्यात फोन आला, झालं, तेही गेलं. कार्ट्रिजमध्ये अर्ध्याहून जास्त माल शिल्लक आणि नॉझल एकही नाही. नॉझल मागवून येईपर्यंत आठवडा गेला. आणि हा माल फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, वास असा की घरच्यांनी तो फ्रिजमध्ये ठेवू दिला नाही, जे बरोबरच आहे. एकच फिटिंग असेल तर हे सगळं चालून जातं. सहा असतील तर प्रत्येक वेळी घड्याळाशी शर्यत, आणि घाईत फिटिंग वाकडं बसलं की ते तसंच राहतं.

उरलेले तीन आणि ट्रान्सड्यूसरचा बेस मग मी ज्योतीने केले. सुरुवातीला मलाही भीती वाटली होती, एवढी महाग कयाक आणि तिच्यावर टॉर्च. पण एकदा पाण्याचा थेंब टाकून बघा म्हणजे काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. आधी अल्कोहोलने पुसून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं, पाणी शिंपडलं, तर थेंब मोत्यासारखे गोल उभे. ते पुसून पूर्ण सुकवलं, मग ब्युटेनचा टॉर्च पेटवून निळ्या ज्योतीचं फक्त टोक टेकेल असं धरून झपाझप हात फिरवला, कुठेही थांबायचं नाही, प्लास्टिक चमकायला किंवा मऊ पडायला नको. परत पाणी शिंपडलं आणि तेच पाणी सपाट पसरलं, ओल्या काचेसारखं. ज्योतीने वरचा अगदी पातळ थर ऑक्सिडाइझ होतो आणि इपॉक्सीला धरायला जागा मिळते. जिथे पाणी अजून गोळा होतंय तिथे ज्योत पोचलेली नाही, सुकवून परत फिरवायची. मग पाणी टिपून लगेच इपॉक्सी, उद्यावर टाकायचं नाही.

आणि जी-फ्लेक्स १:१, दोन सारखे ढीग, आइस्क्रीमच्या काडीने कालवायचं. २२ डिग्रीला भांड्यात ४६ मिनिटं मिळतात असं कंपनी सांगते, आमच्या उन्हात अर्धी धरा, तरी तीन फिटिंग शांतपणे सरळ करून, कडा बोटाने गुळगुळीत करून, वर टेप लावून हात धुऊन झाले माझे. दुसऱ्या दिवसापर्यंत कशाला हात लावायचा नाही एवढंच.

लवचिकपणाचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. पॉलिइथिलीन उन्हाने फार वाढतं, ३० डिग्रीच्या फरकाला मीटरभर लांबीत चार मिलीमीटरच्या आसपास, स्टेनलेस स्टील तेवढ्यात अर्धा मिलीमीटर, आणि तो फरक मधल्या गोंदाला सोसावा लागतो. म्हणून चिकटवायचं ते छोटं छोटं घ्या, लांब रेल एका तुकड्यात चिकटवू नका, मग गोंद कुठलाही असो.

ताकदीत दोघांत फरक आहे का, मी काही वजनकाटा लावून मोजलेलं नाही, पण माझ्या कयाकवर तरी मला जाणवलेला नाही. ज्योतीने लावलेल्यांपैकी एकाची कड यंदा किंचित उचललीय, मागच्या बाजूला, वाटाण्याएवढी. तो पॅड-आय उंचवट्याच्या कुशीत आहे, तिथे टॉर्च आडवा धरता येत नव्हता आणि पाण्याची टेस्ट मी तिथे घाईत केली होती. पाऊस सरला की काढून परत करणार आहे, ज्योत फिरवूनच.

हॅचच्या (झाकणाच्या कप्प्याच्या) आत काही लावायचं असेल, किंवा जवळपास फोम असेल, किंवा कयाक मित्राची असेल, तर मात्र टॉर्च पेटवू नका, ॲक्रिलिक घ्या. घेताना एक्स्पायरी बघा, दहा मिनिटंवालं मिळालं तर तेच बघा, आणि जेवढी फिटिंग तेवढी नॉझल, वर दोन जास्तीची, त्याच ऑर्डरमध्ये मागवा.