आठ रविवार, एक सतरंजी आणि साम्राज्याचा प्रश्न : बेळगावातील एका अभ्यासवर्गाविषयी

शहापुरातील एका जुन्या वाचनालयाने या पावसाळ्यात वसाहतवाद, साम्राज्य आणि पाश्चात्त्यांच्या नजरेतील इस्लाम या विषयावर आठ रविवारांचा अभ्यासवर्ग चालवला. वर्गणी 600 रुपये होती, वेळ संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, आणि बैठक माडीवर सतरंजीवर, त्यामुळे पाठीला भिंत हवी असेल तर लवकर पोहोचावे लागे. मी खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत एकोणीस वर्षे इतिहास शिकवते आहे आणि आठही बैठकांना हजर होते. या वर्गाने मला जे दिले ते मोलाचे आहे. जे दिले नाही तेही तितक्याच गांभीर्याने सांगायला हवे.

पद्धत साधी होती. गुरुवारी वाचनालयात दहा-बारा पानांचे मराठी टिपण मिळे, ते वाचून यायचे. रविवारी पहिली चाळीस मिनिटे संयोजकांचे विवेचन आणि उरलेला वेळ चर्चा. बोलणाऱ्याने आपण टिपणातील कोणत्या पानावर, कोणत्या ओळीवर बोलतो आहोत हे आधी सांगायचे, एवढा एकच नियम होता. इस्लामचे नाव निघाले की बोलणे दोन मिनिटांत गल्लीतल्या भांडणावर किंवा निवडणुकीवर घसरते, हे आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. या एका नियमामुळे ते घसरले नाही. वर्गात मराठी बोलणारे बहुसंख्य होते, काही कानडी मंडळी होती आणि घरी दखनी, म्हणजे दक्षिणेतली उर्दू, बोलणारी चार माणसे होती. आपापल्या भाषेत कोणी मध्येच बोलले तरी कोणाचे अडले नाही.

पहिली बैठक 1798 सालच्या नेपोलियनच्या इजिप्तवरील स्वारीवर होती. सैन्याबरोबर त्याने दीडशेहून अधिक विद्वान नेले आणि त्यांनी केलेल्या इजिप्तच्या वर्णनाचे खंड 1809 पासून पॅरिसमध्ये छापले जाऊ लागले. देश जिंकणे आणि देशाचे ज्ञान मिळवणे या दोन गोष्टी एकाच जहाजातून कशा गेल्या, हे त्यातून कळले. पूर्वेकडील समाजांविषयीचे पाश्चात्त्यांचे ज्ञान सत्तेशी बांधलेले असते, हा विचारवंत एडवर्ड सईद यांनी 1978 मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’ या पुस्तकात मांडलेला युक्तिवाद येथूनच उलगडत नेला गेला.

दुसऱ्या बैठकीने मात्र मला वैयक्तिक धक्का दिला. ब्रिटिश लेखक जेम्स मिल यांनी 1817 मध्ये हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. ते येथे कधीही आले नव्हते आणि येथील एकही भाषा त्यांना येत नव्हती. हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशी कालखंडांची विभागणी त्यांच्या ग्रंथातून रूढ झाली. पहिल्या दोन कालखंडांना धर्माचे नाव आणि तिसऱ्याला मात्र देशाचे, ही विसंगती संयोजकांनी दाखवली तेव्हा मला शाळेचा फळा डोळ्यांसमोर आला, कारण तेच तीन रकाने मी खडूने वर्षानुवर्षे आखत आले आहे. त्यानंतरचे उदाहरण आपल्याच मुलखातले होते. बेळगाव ज्यांच्या अमलाखाली होते त्या विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह दखनीत रचला आणि त्यात सरस्वतीला वंदन केले. आपल्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद एकाच तटाच्या आत उभ्या आहेत. मिल यांच्या कोणत्या रकान्यात हे बसवायचे? त्या रात्री खानापूरच्या बसमध्ये मी याशिवाय दुसरा विचार केला नाही.

सर्वांत अधिक चर्चा ब्रिटिश अधिकारी लॉर्ड क्रोमर यांच्यावर झाली. 1883 ते 1907 या काळात इजिप्तचा कारभार प्रत्यक्षात त्यांच्या हाती होता. संयोजकांनी दोन झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या. डावीकडच्या कागदावर, 1908 च्या त्यांच्या ग्रंथातील, इस्लाम स्त्रीला पडद्यात कोंडतो म्हणून तो समाज मागे पडला, असे सांगणाऱ्या भागाचा मराठी सारांश होता. उजवीकडच्या कागदावर त्यांच्याच चरित्रातील दोन नोंदी होत्या : इजिप्तमध्ये सरकारी शाळांत त्यांनी फी लावली, आणि इंग्लंडला परतल्यावर स्त्रियांना मताधिकार नको म्हणणाऱ्या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. माझ्या शेजारच्या सेवानिवृत्त परिचारिका बाईंनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले, उजव्या कागदावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “म्हणजे बाईची काळजी नव्हतीच, राज्य करायला कारण पाहिजे होतं.” स्त्रीच्या दुःखाचा उपयोग सत्ता टिकवण्यासाठी कसा होतो, हे यापेक्षा स्वच्छ मी कुठे ऐकलेले नाही.

पण माझी मुख्य तक्रारही याच बैठकीतली आहे. दखनी बोलणाऱ्यांपैकी एका तरुण मुलीने विचारले, “सर, क्रोमरचा हेतू वाईट होता हे मान्य, पण पडद्याबद्दल तो बोलला ते खोटं होतं का?” संयोजकांनी “हेतू लक्षात घ्या” एवढेच म्हणून पुढचे पान काढले. वास्तविक बोलणारा कोण आहे आणि तो बोलतो ते खरे आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हा वर्ग पहिला प्रश्न उत्तम शिकवतो आणि दुसऱ्यापाशी येऊन थांबतो. इजिप्तचे लेखक कासिम अमीन यांनी 1899 मध्ये कैरोतच स्त्रीमुक्तीवर पुस्तक लिहिले होते. आपल्या मराठीत लेखक आणि मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई होऊन गेले. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला आणि 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. घरातल्या माणसाने घरातल्या अन्यायावर बोट ठेवणे ही साम्राज्याची चाकरी नव्हे. मराठीतून चालणाऱ्या वर्गात दलवाईंचे नाव आठ आठवड्यांत एकदाही येऊ नये, याचे मला खरोखर दुःख झाले. त्या मुलीचा प्रश्न अनुत्तरित राहिला आणि पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही.

हीच उणीव सहाव्या बैठकीत वेगळ्या रूपाने दिसली. विषय होता इतिहासकार बर्नार्ड लुईस आणि सईद यांच्यात 1982 मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’वरून झालेला वाद. हे ज्ञान साम्राज्यासाठीच असेल तर अरब देशांत जर्मनीचे राज्य नसतानाही जर्मन विद्वानांनी अरबीचा एवढा सखोल अभ्यास का केला, हा लुईस यांचा आक्षेप वजनदार आहे. त्याला पाच मिनिटे मिळाली. पूर्वेकडील माणसेही स्वतःला पाश्चात्त्यांनी घडवलेल्या त्याच साच्यात ओततात, ही सीरियन विचारवंत सादिक जलाल अल-अझ्म यांची टीका तर टिपणात नव्हतीच. शिवाय त्या आठवड्याचे वाचन इंग्रजीतच दिले होते, त्यामुळे निम्मा वर्ग त्या दिवशी गप्प बसला. पाहुण्या व्याख्यात्यांची सातवी बैठक निराशाजनक होती. त्यांनी लिहून आणलेले भाषण वाचले आणि प्रश्न घेतले नाहीत.

याउलट फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनान यांच्यावरील चर्चा अजून मनात आहे. इस्लाम आणि विज्ञान यांचे जुळत नाही, असे रेनान यांनी 1883 मध्ये सोरबोनमधील व्याख्यानात मांडले आणि मुस्लिम विचारवंत जमालुद्दीन अफगाणी यांनी त्याच वर्षी पॅरिसच्या वृत्तपत्रातून उत्तर दिले. धर्मसत्तेने विज्ञानाची वाट अडवली हे अफगाणींनी नाकारले नाही. ख्रिस्ती समाजही याच अवस्थेतून गेला आहे, त्याला काही शतके आधी मोकळीक मिळाली एवढेच, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या वरच्या तक्रारीचे उत्तर खरे तर या बैठकीतच दडलेले होते. संयोजकांनी ते उचलले असते तर!

शेवटची बैठक माडीवर न घेता टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी घेतली, आणि ती सर्वांत चांगली झाली. डिसेंबर 1924 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले आणि त्यासाठीच ही विहीर खोदली गेली. मावळते अध्यक्ष होते खिलाफतीचे नेते मौलाना मोहम्मद अली. ज्या खिलाफतीसाठी हिंदुस्थानात एवढे रान उठले होते ती मात्र त्याच वर्षी 3 मार्चला तुर्कस्तानच्या स्वतःच्या संसदेने बरखास्त केली होती. येथे चर्चेने वेगळे वळण घेतले. ही खिलाफत, म्हणजे मुस्लिम जगाचे प्रमुखपद, ज्यांच्याकडे होती ते तुर्कांचे उस्मानी राज्य हेही साम्राज्यच होते. 1916 मध्ये अरबांनी त्याच्याविरुद्ध बंड केले, इंग्रजांनी त्यांना स्वातंत्र्याचा शब्द दिला आणि त्याच वर्षी फ्रान्सबरोबर गुप्त करार करून तोच मुलूख आपापसांत वाटून घेतला. तेव्हा साम्राज्य म्हणजे केवळ गोऱ्यांचे राज्य, हे समीकरण पुरे पडत नाही. अंधार पडून पानांवरची अक्षरे दिसेनाशी झाली तरी कोणी उठले नाही.

दिवाळीनंतर दुसरी तुकडी सुरू होणार आहे. इतिहास शिकवणाऱ्यांनी, आणि त्यातही सीमाभागातील मराठी शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांनी, तिला जरूर जावे. 600 रुपये आणि आठ संध्याकाळी सत्कारणी लागतात. लांबून येणाऱ्यांनी परतीची बस आधी पाहून ठेवावी, कारण चर्चा वेळेवर संपत नाही. अभिप्रायाच्या वहीत मी दोन मागण्या लिहिल्या आहेत : एक पूर्ण रविवार दलवाईंसाठी ठेवावा, आणि इंग्रजी उतारे मराठीत करून द्यावेत. दुसऱ्या मागणीसाठी लागणारे भाषांतर मी स्वतः करून द्यायला तयार आहे, असे खाली लिहून फोन नंबर दिला आहे.