ऑनलाइन शाळेचे अकरा महिने: घोडं पेंड खातं ते म्यूटच्या बटणापाशी

गेल्या महिन्यात धाकट्याचं प्रगतिपत्रक आलं. गणितापुढे शेरा, ‘वर्गातील सहभाग अत्यल्प’, आणि हजेरीत सात दिवस गैरहजर. हा मुलगा अकरा महिन्यांत एकही दिवस वर्ग चुकवलेला नाही, कारण मी शेजारच्याच खोलीत बसून काम करते. नेट पाच मिनिटांहून जास्त गेलं की सिस्टिम त्या दिवसाची हजेरी आपोआप खोडते, मूल परत येऊन उरलेले चार तास बसलं तरी. हे मला तक्रार केल्यावर कळलं. मदत कक्षाकडून तीनदा शब्दशः तेच उत्तर आलं. शेवटी त्या सात दिवसांत त्याने वर्ग चालू असताना अपलोड केलेल्या गृहपाठाची वेळेसकट यादी करून पाठवली, तेव्हा पाच दिवस दुरुस्त झाले. दोन दिवसांचं भांडण अजून चालू आहे.

‘ऑनलाइन शाळा कशी आहे?’ असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहितेय. आमची पूर्णवेळ, स्वतःहून निवडलेली शाळा आहे. एप्रिल २०२० मध्ये जगभरातल्या दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या. त्या काळातल्या घाईघाईच्या वर्गांशी कृपया हिची तुलना करू नका. इथे वेळापत्रक, साहित्य, परीक्षा सगळं आधीपासून ऑनलाइनसाठीच बेतलेलं आहे. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ. दोघांचा अनुभव इतका वेगळा आहे की एका शाळेबद्दल बोलतेय असं मलाही वाटत नाही.

आधी तो ‘सहभाग’ घेते, कारण त्याने मला फार त्रास दिला आहे. शेरा वाचून मी एक दिवस गणिताच्या पूर्ण तासाला त्याच्या मागे बसले. अपूर्णांक चालले होते. मॅडमनी विचारलं, ‘पाव आणि पाव मिळून किती?’ त्याचं तोंड उघडलं, हात माउसकडे गेला, बाण म्यूटच्या चिन्हावर पोचला, तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी ‘अर्धा’ म्हटलं आणि मॅडम पुढे गेल्या. त्याने हात मांडीवर परत आणला. त्या तासात त्याचा हात सहा वेळा माउसकडे गेला आणि तो एकदाच बोलला. पाच उत्तरं त्याच्या तोंडातच राहिली, आणि प्रगतिपत्रकाने त्यालाच दोष दिला. मी फार चिडले. मॅडमवर, शाळेवर, त्या बटणावर.

मग मात्र मला माझं मत बदलावं लागलं. बोलण्याची पाळी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला आपल्याला साधारण ०.२ सेकंद लागतं. दहा भाषांच्या संभाषणांवरचा याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचायला ०.१५ सेकंदाहून जास्त वेळ लागू नये, अशी दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. घरातलं वायफाय कमजोर असेल तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणजे प्रश्न त्याच्या कानावर येतो तोच उशिरा, मग म्यूट काढायचं, मग उत्तर तिकडे पोचायला पुन्हा उशीर. तोवर ज्याचं नेट चांगलं त्याचं उत्तर देऊन झालेलं असतं. त्यात लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत असू तर प्रतिध्वनी टाळण्यासाठी अ‍ॅप एकाच वेळी बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचा आवाज दाबतं. एका सुरात पाढे म्हणणं जमत नाही ते या दोन्हींमुळे. मॅडमना त्याचं ऐकूच येत नव्हतं आणि मी त्यांना बोल लावत होते. त्यांची मी माफी मागितली.

वायफाय सोडून मी लॅनची वायर जोडली आणि त्याला माइकचा हेडफोन दिला. आठवड्याभरात फरक दिसला. दुसरी गोष्ट मॅडमनी स्वतःहून केली. तासाची शेवटची दहा मिनिटं पाच-पाच मुलांचे गट करून सगळ्यांचे माइक उघडे ठेवायला सुरुवात केली. गोंगाट होतो, कुणाच्या घरची बेल वाजते, पण मुलं एकमेकांचं बोलणं तोडून बोलतात. वर्ग असाच असतो! नऊ वर्षांच्या मुलाची शंका त्याच क्षणी विचारली गेली तरच शंका असते. अर्ध्या मिनिटाने त्याला ती आठवतही नाही.

ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्स इथे १९५१ मध्ये रेडिओवर शाळा सुरू झाली. शेकडो किलोमीटरवर विखुरलेल्या वस्त्यांवरची मुलं पाळीपाळीने बटण दाबून बोलत. त्या मुलांच्या शेजारी घरचं कुणीतरी मोठं माणूस बसलेलं असे, तो त्या पद्धतीचाच भाग होता. लहान मुलाला ऑनलाइन शाळेत घालणार असाल तर हे आधी धरून चाला: शेजारी बसणारं माणूस तुम्हालाच द्यावं लागेल. ‘मूल आपलं आपण शिकतं’ हे नऊ वर्षांच्या मुलाबाबत मला एकही दिवस खरं वाटलं नाही.

मोठीच्या बाबतीत मात्र मला सुखद धक्का बसला. जुन्या शाळेत तिने वर्षानुवर्षं हात वर केला नव्हता. इथे चॅटमध्ये फक्त शिक्षकांना दिसेल असा प्रश्न टाकता येतो, आणि ती एका तासात तीन-तीन शंका विचारते. चाळीस जणांसमोर ‘मला कळलं नाही’ म्हणायची भीती गेली तर हे मूल किती बोलतं, ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. रेकॉर्डिंग ही दुसरी मोठी गोष्ट. दोन चलांची समीकरणं तिने थांबवत, मागे नेत चार वेळा ऐकली आणि स्वतः सोडवली. वर्गात शिक्षक चार वेळा सांगत नाहीत, सांगू शकतही नाहीत. शिवाय तिची झोप पुरी होते. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, म्हणून मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच म्हटलं आहे. आमची नऊला भरते आणि जाण्यायेण्यात वेळ जात नाही. सकाळची रडारड संपली.

तिच्या वाटची उणीव वेगळी आहे. तासाला बहुतेकांचे कॅमेरे बंद, काळ्या चौकटीत फक्त नावं. आठ महिन्यांची जिवलग मैत्रीण परवा पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटली, तर ती हिच्यापेक्षा वीतभर उंच निघाली. दोघी थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. प्रयोगशाळाही पडद्यावरचीच. ब्युरेटची, म्हणजे थेंबथेंब द्रव सोडणाऱ्या काचेच्या नळीची, तोटी किती हलक्या हाताने फिरवायची, हे बटण दाबून हाताला कळत नाही.

डोळ्यांचं थोडक्यात सांगते. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघणं आम्ही पाळतो, पण खरा उपयोग दिवसाउजेडी बाहेर खेळण्याचा. मुलांचा चष्म्याचा नंबर लागणं त्याने लांबतं. तेवढा वेळ आम्ही ठरवून काढतो. आणि पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसणं बंद करा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी चार कारणं मांडली, त्यांत सतत स्वतःला बघत राहणं हे एक होतं. मुलीला त्याने खरंच हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी धाकटा चार भिंतींच्या शाळेत जाईल, अर्ज भरून झाला आहे. मोठी इथेच राहील, तो तिचा निर्णय आहे आणि मला पटतो. काल गटाच्या वेळी शेजारच्या खोलीतून त्याचा आवाज आला, ‘मॅडम, थांबा थांबा, हे तीन कुठून आले?’ आणि मॅडम थांबल्या. त्या दोन दिवसांच्या हजेरीची तक्रार मी बंद केलेली नाही.