जुन्या लेथवर डीआरओ : ऊस हंगामभर वापरल्यानंतरचा अनुभव

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. बॅचचं काम आमच्याकडे येत नाही. येतं ते मोडलेलं, झिजलेलं, ज्याचं स्पेअर बाजारात मिळायचं बंद झालंय असं. तासगावकडचे द्राक्षबागायतदार ब्लोअरच्या पंपाचे शाफ्ट आणतात, पलूस-वाळव्याकडून उसाच्या चरकाची बेअरिंग हाउसिंग येतात आणि अधूनमधून मळ्यातलं एखादं जुनं स्लो-स्पीड इंजिन. असल्या दुरुस्तीच्या कामाला डिजिटल रीडआउट, म्हणजे लेथची स्लाइड किती सरकली ते पडद्यावर आकड्यात दाखवणारा डीआरओ, परवडतो का, हे बरेच जण विचारतात. आम्ही तो दिवाळीच्या सुमारास बसवला. हंगाम संपून आता पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा सविस्तर लिहितो.

आमचा लेथ साडेसहा फुटी, बेल्टवरचा. लीड स्क्रू इंचाचा, चार टीपीआय, म्हणजे इंचाला चार आटे. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, खुणा आहेत, त्याही निम्म्या पुसलेल्या. दोन अक्षांचा काचेच्या स्केलचा सेट घेतला: एक स्केल क्रॉस स्लाइडला, एक बेडच्या मागे, बेडवरून लांबीत सरकणाऱ्या कॅरेजला. डिस्प्ले, ब्रॅकेट आणि बसवणं धरून तीसेक हजारांच्या आतबाहेर खर्च आला.

सगळ्यात जास्त फायदा इंच-मिलिमीटरच्या बटणाचा झाला. बाहेरून हे किरकोळ वाटेल, पण जुनी इंजिनं ज्यांच्या हाताखालून जातात त्यांना लगेच कळेल. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी इंग्लिश डिझाइनवर बेतलेली इंजिनं त्यानंतरही वर्षानुवर्षं इंचातच बनत राहिली. लिस्टर धाटणीचं सहा हॉर्सपॉवरचं, ६५० आरपीएमवर चालणारं सिंगल सिलिंडर इंजिन घ्या. त्याचा बोअर साडेचार इंच आणि स्ट्रोक साडेपाच इंच, म्हणजे ११४.३ आणि १३९.७ मिलिमीटर. गिऱ्हाईक माप सांगणार सूत-इंचात, बोअर गेज आमचा मिलिमीटरचा आणि लेथची डायल थाऊची. प्रत्येक कटाला कागदावर २५.४ ने गुणाकार-भागाकार चालायचे. आता बटण दाबलं की तोच आकडा दुसऱ्या मापात समोर दिसतो.

एक काम नीट सांगतो. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाची गनमेटलची बुश पार ढिली झाली होती. रॉडचं भोक मोजलं, सव्वा इंच, म्हणजे ३१.७५. बुश दाबून बसवायची तर बाहेरचा व्यास दोन थाऊ जास्त हवा, सुमारे ३१.८०. पहिला हलका कट घेतला, मायक्रोमीटरने जॉब मोजला आणि तोच आकडा डिस्प्लेत व्यास म्हणून भरला. त्यानंतर आकडा ३२.०० ला आणून कट, पुन्हा मायक्रोमीटर, मग शेवटचा कट. बुश प्रेसखाली सरळ गेली. आतला व्यास मात्र मुद्दाम कमी ठेवला होता, कारण दाबल्यावर बुश आतून आवळते. फिनिश रीमिंग, म्हणजे भोक शेवटच्या मापाला आणणं, रॉडमध्ये बसल्यावरच करायचं. पूर्वी अशा कामात हँडल मागे घेऊन पुन्हा पुढे आणताना बॅकलॅश, म्हणजे स्क्रू-नटमधला मोकळा खेळ, किती धरायचा, हे ज्याच्या त्याच्या हातावर असायचं. डीआरओ स्क्रूची फिरकी मोजत नाही, स्लाइड प्रत्यक्ष किती सरकली ते मोजतो. त्यामुळे स्क्रू-नट झिजलेल्या जुन्या लेथवर तो नव्या लेथपेक्षा जास्त उपयोगी पडतो, असं माझं ठाम मत झालंय.

व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाच्या, आट्यांनाही तोच फायदा. अर्धा इंच बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ), बारा टीपीआय, ५५ अंशांचा आटा. पिचच्या ०.६४०३ पट खोली, म्हणजे १.३५५ मिलिमीटर, व्यासावर २.७१. टूल जॉबला टेकवून शून्य केलं की २.७१ पर्यंत जायचं. पण कंपाउंड स्लाइडला, म्हणजे क्रॉस स्लाइडवर बसलेल्या, तिरपी फिरवता येणाऱ्या छोट्या स्लाइडला, दोन अक्षांच्या सेटमध्ये स्केल नसते. कंपाउंडने कट दिला तर डिस्प्लेला त्याचा पत्ताच नसतो. आट्याची खोली डिस्प्लेवर बघायची असेल तर कंपाउंड घट्ट आवळून सरळ क्रॉस स्लाइडनेच कट द्या.

आता डीआरओ काय करत नाही, ते. हे विकणारे सांगत नाहीत म्हणून इथे जरा थांबतो. टूल कुठे आहे हे तो सांगतो. जॉबचं माप किती झालं हे सांगत नाही. लांब पंप शाफ्टवर आम्ही जॉब धरणाऱ्या चकपासून दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉकपर्यंत एकच कट नेला. क्रॉस स्लाइडचा आकडा जागचा हलला नाही, पण मायक्रोमीटर लावला तर चककडच्या बाजूला व्यास जास्त भरला. बेड चकजवळ झिजलाय, कारण वर्षानुवर्षं छोटी कामं तिथेच झाली. कॅरेज तिथे आली की किंचित खाली बसते, झुकते आणि टूल जॉबपासून लांब जातं. स्केलला ते दिसत नाही. जिब, म्हणजे स्लाइडचा खेळ घालवणारी पट्टी, ढिली असली की टूल कटाच्या जोराने मागे रेटलं जातं, तेव्हाही फक्त आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी जिब काढून साफ करा, घासून बसवा, हेडस्टॉकची बेअरिंग बघा, आणि मग डीआरओचा विचार करा. बेअरिंगच्या सीटवरचे मिलिमीटरचे शेवटचे दोन-चार शतांश आजही मायक्रोमीटरच ठरवतो.

आमच्याकडे जे मामा लेथवर आहेत ते पलूस भागातले. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० चा, त्या पट्ट्यात घराघरांत लेथवर हात बसलेली माणसं आहेत. मामा व्यासासाठी अजूनही आउटसाइड कॅलिपर लावून बोटांनी अंदाज घेतात आणि तो अंदाज थक्क करतो. पण शाफ्टच्या पायऱ्यांच्या लांबीसाठी त्यांनी डिस्प्ले पहिल्या आठवड्यातच जवळ केला. चार-पाच पायऱ्यांचा शाफ्ट असला की पूर्वी खडू लावून, व्हर्नियरने रेघ ओढून काम चालायचं. आता कॅरेजचा आकडा बघून खांद्यापाशी थांबतात. वेळ किती वाचतो हे मी मोजलेलं नाही, पण संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांवरचा ताण कमी झालेला दिसतो, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

धुळीबद्दल लिहायलाच हवं. आमचं निम्मं काम बिडाचं. बीड कोरडंच कापतात, त्याचा काळा भुगा पिठासारखा सगळीकडे बसतो. काचेच्या स्केलवर दर २० मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक रेघ असते, प्रकाश त्यातून जाऊन रीडर हेड त्या रेघा मोजतं आणि इलेक्ट्रॉनिक्स त्याचे चार भाग करून ५ मायक्रॉनपर्यंत वाचतं. अशा जागी भुगा आणि तेल एकत्र गेलं की आकडा उड्या मारायला लागतो. आमच्याकडे बसवायला आलेल्या मुलाने बेडची स्केल, तिची खाच झाकणारे रबरी ओठ वर करून लावली होती. आम्ही ती उतरवून ओठ खाली तोंड करून पुन्हा बसवली आणि वरून पत्र्याचं झाकण दिलं. त्यानंतर तक्रार आलेली नाही. एअर गनने स्केलवर थेट हवा मारू नका, भुगा उलट आत जातो. लेथवर चढवलेल्या जॉबला वेल्डिंग करायचं असेल तर डिस्प्लेचा प्लग आधी काढा.

लाइट गेली की आकडा राहतो, पण तेवढ्यात स्लाइड हलली तर भरवसा संपला. त्यासाठी स्केलवर रेफरन्स मार्क असतात. सुरुवातीलाच त्यांवरून शून्य बांधून ठेवलं तर मधल्या कामाचा आकडा परत मिळतो. एमआयडीसीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून ही सवय लावून घ्या.

घेणार असाल तर क्रॉस स्लाइडसाठी १ मायक्रॉनची स्केल मागा. ५ मायक्रॉनची घेतली तर व्यासात आकडा एकदम १० मायक्रॉनने उडतो, आणि फिटिंगच्या कामात ते खटकतं. बेडला ५ मायक्रॉनची चालते. क्रॉस स्लाइडची स्केल बारीक बॉडीचीच हवी. टेलस्टॉकच्या बाजूला लावली तर छोट्या जॉबला टेलस्टॉक जवळ येत नाही, चकच्या बाजूला लावली तर चिप अंगावर येतात. आम्ही टेलस्टॉकची बाजू धरली आणि लांब सेंटर वापरतो. ऑर्डर देण्याआधी स्लाइडची पूर्ण चाल स्वतः मोजा, जिबचे स्क्रू आणि कॅरेजचा लॉक कुठे आहे ते बघा, आणि ब्रॅकेट त्यांच्या आड येणार नाही याची खात्री करूनच स्केलची लांबी सांगा.